शून्याचे नऊ

वाडी, नागपूर
८ जुलै १९७४

चि. प्रेमिलास मामाचा जयभीम व आशीर्वाद.

गोदामातली मापाड्याची नोकरी सुटली अन् मी विहाराच्या ओसरीवर पोरांना गणित शिकवायला बसलो, तेव्हा तू हसली होतीस. आता हसू नको वं, अडलो आहे.

केशव माझं बोलणं पुरं व्हायच्या आत उत्तर लिहितो. बायजाबाईची नात देवकी मात्र हातच्याची वजाबाकी आली की पाटीवर नुसतं बोट फिरवते. चौथीत एकदा नापास झाली. सहामाहीत पुन्हा गणित गेलं तर बायजाबाई तिला शाळेतून काढून धाकट्या भावंडांपाशी बसवणार. मी तिला चिंचोके दिले, दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधून. सुटे कमी पडले की एक पुरचुंडी सोडायची. चार दिवस सगळी गणितं बरोबर. पाचव्या दिवसापासून पोरगी येतच नाही. औषध लागू पडलं अन् रोगीच पळाला.

तू अमरावतीला मास्तरकी शिकतेस. तुमच्या पुस्तकात यावर काय उपाय आहे?

तुझा
देवरावमामा


अमरावती
१५ जुलै १९७४

ती. मामांस सविनय जयभीम, वि. वि.

पुस्तकात सापडलं नाही, पण मला आठवलं. तिसरीत बाई मला एकटीला सोपी गणितं द्यायच्या. गणितं सुटायची आणि लाजेनं मान वर होत नसे. देवकी चिंचोके मांडायची तेव्हा बाकीची पोरं काय करत होती, हे तुम्ही लिहिलंच नाही. जन्मभर काटा धरलात आणि इथं एकाच पारड्यात टाकलंत, मामा!

सामान सगळ्यांना सारखं द्या, गणितं ज्याच्या त्याच्या पायरीची. केशवला तीनशे चारातून एकशे अठ्ठावीस काढून चिंचोक्यांनी दाखवायला सांगा. आणि देवकीकडे निरोप धाडू नका, स्वतः जा.

मामींना नमस्कार. रागावलात तरी चालेल, पत्र थांबवू नका.

आपली
प्रेमिला


वाडी, नागपूर
६ ऑगस्ट १९७४

चि. प्रेमिलास आशीर्वाद.

गेलो होतो. देवकी दाराआड उभी. चूक माझी झाली म्हणालो, तेव्हा कुठं बोलली, "मले एकटीलेच काहून, आबा? सारे पोट्टे हासून राहिले होते." मला खाली पाहावं लागलं. बायजाबाईनं वर ऐकवलं, की जे चालत नाही त्याला पळवता कशाला. मी पंधरा दिवस मागून घेतले.

मग सगळ्यांनाच चिंचोके दिले. दहा पुरचुंड्यांची एक पोटली, अशा शंभराच्या पोटल्या देवकीकडून बांधून घेतल्या. परवा केशवनं तुझ्या गणिताचं उत्तर पाटीवर चटकन लिहिलं, एकशे शहात्तर. मांडून दाखव म्हटलं तर तीन पोटल्या अन् चार सुटे घेऊन अडला. सुटे पुरेनात, पुरचुंडी एकही समोर नाही. देवकी सरकत त्याच्यापाशी गेली. एक पोटली सोडली, आतली एक पुरचुंडी मोकळी केली अन् म्हणाली, "नऊ राहिल्या."

त्याच वेळी बायजाबाई तिला न्यायला आली होती, कडेवर धाकटं घेऊन. पायरीवरच बसली. वर्ग सुटल्यावर मला एवढंच म्हणाली, की वर्षभर लहान्यांचं ती स्वतःच पाहून घेईल, देवकीला शाळेतून काढणार नाही.

हातच्याला शून्याचे नऊ करायचे, हे चाळीस वर्षं मी मुकाट लिहीत आलो. काहून करायचे ते परवा कळलं. देवकीला तसं सांगितलं, सगळ्या पोरांच्या देखत.

मामाच्या चुका काढत जा, माया तेवढी कमी करू नको.

तुझा
देवरावमामा