निषेध नेमका कशाचा?

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज ग्रुपवर नवा पाहुणा आला — सेक्शुअलायझेशन! सकाळी मी लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवत होते तेव्हा दारात उभा होता. संध्याकाळी घरी येऊन बघते तर पलंगावर पाय पसरून बसलेला.

ग्रुप म्हणजे आमच्या इकडच्या गायिकेच्या, एस्तेरच्या चाहत्यांचा. मी ॲडमिन. का? तर तिच्या गाण्याचा व्हिडिओ माझ्या धाकट्या भावाने, स्टीफनने काढला. चॅनलही त्याचंच. आणि लोकांना उत्तरं द्यायला घरातलीच एखादी फुकटची बाई लागते. स्टीफन कलाकार, मी खुलासेवाली.

पाहुण्याला घेऊन आली इरम. नंदुरबारची, एम.ए. करते, कोरियन बँडच्या पाच-सहा ग्रुपांवर असते. तिकडे हा शब्द मिठासारखा वापरतात म्हणे. तिने लिहिलं, "या गाण्यात एस्तेरचं सेक्शुअलायझेशन झालंय आणि आपण सगळे गप्प आहोत."

मी विचारलं — कुठे?

ती म्हणाली, "सगळीकडे."

संपलं! सगळीकडे म्हटलं की शोधायचा त्रासच नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

आरोपी क्रमांक एक: एस्तेरची पोटरी.

गाणं भात लावणीचं आहे. जुलैत आमच्याच शेतात काढलं, आई तिथंच चूल मांडून दिवसभर सगळ्यांना भाकऱ्या करून घालत होती. एस्तेर साडी खोचून चिखलात उतरते, रोपं लावत गाते. चर्चच्या क्वायरमध्ये गायची तेव्हापासून तिचा आवाज तसाच — पहिल्या ओळीला अंगावर काटा. पण आवाजाबद्दल बोलायला वेळ कुणाला? चिखलात उतरल्यावर पोटऱ्या दिसतात. पोटऱ्या घरी ठेवून शेतात जायची सोय अजून आमच्या नवापूर तालुक्यात आलेली नाही.

स्टीफनला वाचून दाखवलं. हसून हसून लोळला.

सोमवार, १५ सप्टेंबर

एस्तेरची लिपस्टिकही त्यातच. बांधावर बसून कणीस खाते, तेही. कॅमेरा खालून आहे — ते तर आहेच आहे. कॅमेरा वरून आहे — ते जास्त आहे.

कळसाडीच्या पवनने बिचाऱ्याने विचारलं, "ताई, हाई सेक्शुअलायझेशन म्हंजे नेमकं काय शे? आते कणीस खावाना बी गुन्हा शे का?" त्याला सहा जणांनी सहा अर्थ सांगितले. त्यातल्या दोघांची आपसात जुंपली. पवन ग्रुप सोडून गेला. त्यापेक्षा शेतात कापूस वेचणं सोपं वाटलं असेल.

लॅबमध्ये आम्ही रिपोर्टवर प्रत्येक आकड्याशेजारी लिहितो — किती ते किती नॉर्मल. हिमोग्लोबिन इतकं, साखर इतकी. या शब्दाशेजारी काय लिहायचं? आज दुपारी एका आजोबांचा रिपोर्ट छापताना तेच डोक्यात. आजोबा म्हणाले, "बेटा, हसायसारखं काय निघालं?"

मंगळवार, १६ सप्टेंबर

शब्दाचं मराठी कुणीतरी शोधून आणलं. लैंगिकीकरण. दिवसभर कुणाला ते धड टाइप करता आलं नाही. ग्रुपवर अभूतपूर्व शांतता!

रविवार, २१ सप्टेंबर

आज इरमला चांगलीच धुतली.

दोन दिवस गप्प होती. आज चर्चमधून आले तोवर तिने एक तुकडा कापून टाकला होता. गाण्याच्या शेवटाकडचा. एस्तेर विहिरीच्या पाण्याच्या मोटारीजवळ पाठमोरी उभी, केस सोडलेले, ओला पदर पिळते, पायावर पाणी घेते. स्टीफनने तो अगदी संथ केलाय. इरमने खाली लिहिलं, "हे बघा. हे तिला माहीत आहे असं वाटतं का?"

मी लिहिलं, "बरोबर आहे. पाय धुणं हा गुन्हा आहे. उद्यापासून रंगावली नदीवर पोलीस बसवू. धुणं धुणाऱ्या बायांनी आधी इरमची परवानगी आणावी."

हसऱ्या तोंडांचा पाऊस! लोक म्हणाले, ताईंनी तोंड बंद केलं. कुणी म्हणालं, एस्तेर मोठी बाई आहे, तिने ठरवलं तसं ती दिसते, तुम्ही कोण? मलाही तो मुद्दा आवडला. उसना घेऊन लगेच दुसरीकडे वापरला.

इरमने मग फक्त "ठीक आहे" लिहिलं.

स्टीफन संध्याकाळी बसस्टँडवरून माझ्यासाठी गरम भजी घेऊन आला. न मागता! वर्षातून एकदा असं होतं. म्हणाला, "ताई, तू आहेस म्हणून चॅनल आहे."

बुधवार, २४ सप्टेंबर

आता दोन पक्ष झालेत. एक म्हणतो एस्तेरचं सेक्शुअलायझेशन झालं. दुसरा म्हणतो झालं म्हणणारेच ते करतायत, त्यांचीच नजर वाईट. दोघेही म्हणतात आम्ही एस्तेरच्या बाजूने. एस्तेर स्वतः ग्रुपवर आहे. तिने आजवर फक्त सकाळच्या "जय येशू"ला हात जोडलेत. तिला मध्ये घ्यायचं कुणाच्या डोक्यात नाही. बरोबरच आहे, भांडण तिच्यावरून आहे, तिच्याशी थोडंच आहे?

दोन्हीकडून मागणी — ॲडमिनने पत्रक काढावं. काढलं! लिहिलं, "एस्तेरच्या गाण्यातील भात लावणीच्या दृश्यांवरून जे सेक्शुअलायझेशन चालू आहे, त्याचा आम्ही चाहते तीव्र निषेध करतो."

कोण करतंय, कुठे, कधी — काही नाही. इतकं गुळगुळीत की कुणालाही गिळता यावं. स्वतःवरच खूश झाले.

गुरुवार, २५ सप्टेंबर

पत्रकाला दोन्ही पक्षांनी बदाम दिले. ज्यांचा निषेध केलाय असं मला वाटत होतं, त्यांनी तर दोन-दोन.

सोमवार, २९ सप्टेंबर

गडबड झाली.

शनिवारी खापर गावात एस्तेरचा कार्यक्रम होता. तरुण मंडळाचा, मोठं स्टेज, गुजरातकडूनही लोक येणार होते. तिचा पहिला एवढा मोठा कार्यक्रम. मंडळाने तो रद्द केला. बॅनर उतरवले.

मी अध्यक्षांना फोन लावला. करमसिंग नाव. आवाज एकदम नम्र.

"ताई, तुमचंच पत्रक आलं आमच्याकडे. तिचेच चाहते निषेध करतायत म्हटल्यावर आम्ही कसं बोलवायचं?"

"अहो, निषेध तिचा नाही."

"मग कशाचा?"

आता सांग, योगिता! कशाचा?

मी काहीतरी बोलत राहिले. नजर... समाज... दृष्टिकोन... स्वतःलाच ऐकू येत होतं, एक अक्षर पोचत नाहीये. करमसिंग सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "आणि ताई, लावणी म्हणजे आमच्याकडे लहान मुलं असतात, बायाबापड्या असतात. लावणी नको असं सगळ्यांचं मत पडलं."

"भात लावणी! भाताची लावणी हो!"

"ते असेल. पण सेक्स पण लिहिलंय ना त्याच्यात."

फोन ठेवला. पहिल्यांदा हसू आलं. मग एस्तेरने त्या कार्यक्रमासाठी आईची चांदीची साखळी उजळून आणली होती ते आठवलं.

मंगळवार, ३० सप्टेंबर

स्टीफन म्हणतो, "फुकटची प्रसिद्धी झाली, व्ह्यूज वाढले." एस्तेरला फोन करायची हिंमत होत नाही. दोनदा नंबर काढला, दोनदा स्क्रीन पुसून ठेवून दिला.

गुरुवार, २ ऑक्टोबर

लॅबला सुट्टी. एस्तेरच्या गावी जाऊन आले. जीपमधून उतरल्यापासून घोकत होते — चूक झाली, शब्द चुकीचा गेला, करमसिंगना परत समजावते.

ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. मला बघून तिने पाट सरकवला, चहा टाकायला आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. चहा घेऊन आल्यावर मी घोकलेलं सगळं म्हणून टाकलं. ती शेंगा तोडतच राहिली.

मग म्हणाली, "ताई, पोटऱ्यांवरून काय भांडलात तुम्ही लोक! साडी मीच तशी खोचली. स्टीफनभाऊ म्हणत होते घागरा घाल. मी म्हटलं, घागरा घालून भात कोण लावतं?"

मी जोरात मान हलवली. तेच तर! तेच तर मी म्हणत होते!

"मोटारीजवळचं मात्र मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला.

"स्टीफनभाऊ म्हणाले होते, झालं, संपलं. मी चिखल धुवायला गेले. पाठमोरी होते. वाटलं, आता कोण बघतंय. ते काढलंय हे मला गाणं आल्यावर कळलं. चर्चनंतर सगळे एका मोबाईलवर बघत होते. पास्टर पण होते. तो तुकडा आला. सगळे माझ्याकडे बघायचे थांबले."

"स्टीफनला सांगितलंस?"

"दोनदा. म्हणाले, लोक तिथंच तर थांबतात, तेवढं काढलं तर गाणं पडेल. चॅनल त्यांचं. मी काय करणार?"

"मला का नाही सांगितलंस?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "सांगणार होते. मेसेज लिहून ठेवला होता. मग तुमचं ते नदीवरच्या पोलिसांचं वाचलं. सगळे हसत होते. म्हटलं, ताई पण तिकडच्याच."

अंगणात कोंबड्या शेंगांवर तुटून पडल्या. तिने हाकलल्या. मीही उगाच हाकलल्या.

"ती इरम कोण आहे?" एस्तेर म्हणाली. "तिला बरोबर दिसलं होतं. पण तिला कणसात पण तेच दिसलं. मग कोण ऐकणार?"

निघताना म्हणाली, "खापरचं जाऊ द्या. ते तेवढं काढा. पोटरी राहू द्या, ती माझी आहे."

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सकाळी स्टीफनला गाठलं. दात घासत होता.

"तिला न सांगता काढलंस?"

"काय?"

"मोटारीजवळचं."

त्याने चूळ भरली. "ताई, नॅचरल शॉट होता तो."

"तिला विचारलं होतंस का?"

"विचारलं असतं तर नॅचरल राहिला असता का?"

इतकं सहज म्हणाला! जसं लाईट गेली होती, बॅटरी संपली होती, तसं. माझाच भाऊ. गेले तीन आठवडे माझ्या प्रत्येक विनोदावर हा का लोळत होता ते मला दात घासायच्या मोरीपाशी कळलं. आणि ती भजी! पचून गेली आता, नाहीतर परत केली असती.

म्हटलं, काढ तो तुकडा. म्हणाला, तीन लाखांवर लोकांनी पाहिलंय, आता काढून काय उपयोग? म्हणाला, मी काय वाईट माणूस आहे का? म्हणाला, तूच तर लिहिलंस पाय धुणं गुन्हा आहे का म्हणून.

लिहिलं होतंच मी. पण चॅनलचा पासवर्डही माझ्याकडे होता. कॉमेंटांना उत्तरं द्यायला त्यानेच दिलेला. खुलासेवाली ना मी!

तेवढाच तुकडा कापायला मला येत नव्हतं, म्हणून लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत अख्खं गाणंच चॅनलवरून उतरवलं. आवाजही गेला तिचा त्याच्याबरोबर, तो पहिल्या ओळीचा. त्याचं वाईट वाटलं. मग एस्तेरला फोन केला. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "आवाज आहे माझ्याकडे."

शनिवार, ४ ऑक्टोबर

ग्रुपवर दिवाळी. गाणं उतरलं म्हणून पहिला पक्ष म्हणतो, आम्ही जिंकलो! दुसरा म्हणतो, एस्तेर घाबरली, दबावाला बळी पडली, ज्या बाईला स्वतःचं शरीर जपता येत नाही तिने गाऊच नये. हे म्हणणारे कालपर्यंत तिने ठरवलं तसं ती दिसते म्हणत होते. एकानेही विचारलं नाही, काय झालं? मी मेसेजेस बंद करून ठेवले. आता फक्त ॲडमिन लिहू शकते. ॲडमिनला काही सुचत नाही.

स्टीफन जेवायच्या वेळी ताट घेऊन पडवीत गेला. मोटारीजवळचं अजून त्याच्या मेमरी कार्डवर आहे. मागितलं. "नंतर बघू" म्हणाला.

सोमवार, ६ ऑक्टोबर

इरमला फोन केला. म्हटलं, तुला बरोबर दिसलं होतं. ती मग म्हणाली, "मला नेमकं सांगता येत नव्हतं हो ताई. काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं. मग जो शब्द हाताशी होता तो सगळ्यालाच लावला."

मी म्हटलं, कणसाला नको होता लावायला.

"हो, कणसाचं जास्तच झालं," म्हणाली. हसली. मीही हसले. पण माझं ते नदीवरच्या पोलिसांचं हसण्यावारी जाणारं नाही, हे दोघींना माहीत होतं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

कार्ड मिळालं. आईने स्टीफनच्या बॅगेतून काढून माझ्या हातात ठेवलं. मी विचारायच्या आधीच आमच्या बोलीत म्हणाली, "मी तिथंच होते गं, चुलीपाशी. ती पाठमोरी, हा कॅमेरा धरून उभा. मला दिसत होतं. बघता बघता तव्यावरची भाकरी करपली. पण ओरडायचं तर काय म्हणून ओरडू?"