चौथ्या ड्रमचा पारा

२ मे, चिखली
आले एकदाची! चपलांच्या तळव्यांसाठी फोम बनवणाऱ्या कारखान्यात केमिस्ट. खोली एसटी स्टँडजवळच, पंखासुद्धा चालतो. गोदाम गुलाबरावकाका सांभाळतात, पूर्वी वीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये होते. त्यांनी चहा पाजून माल दाखवला. फोम फुगवणाऱ्या पांढऱ्या पावडरीचे सहा ड्रम. सेंद्रिय नायट्रोजनचं संयुग, तापलं की फुटतं आणि वायू सोडतं. एम.एस्सी.ला दोन वर्षं मी याच फुटण्याचा वेग मोजला, म्हणजे माहेरचंच माणूस भेटलं म्हणायचं. पावडर थंड खोलीत हवी, पण एसी बंद आहे. म्हणून काकांनी प्रत्येक ड्रमला हातभर जाड रुई गुंडाळलीय. मी हसले, तर म्हणाले, बर्फ नाई का राहत भुशात? ऊन लागू नये म्हून.

५ मे
चौथ्या ड्रमात थर्मामीटर सोडला. सकाळी सातला बाहेर २९, आत ४१. हे उन्हाचं काम नाही. पावडर आपली आपणच फुटतेय, त्यानेच तापतेय, आणि रुई ती धग बाहेर जाऊ देत नाही. दहा अंश चढले की वेग चौपट. सगळी रुई ओढून काढली. काका रुसले. भिंतीपलीकडे मजुरांची अकरा घरं आहेत. मालक फोनवर म्हणाले, पुस्तकी भीती. असू दे पुस्तकी, मी मोजणारच.

८ मे
४७. रुई परत, तीही दुप्पट! काल सुटीच्या दिवशी काकांनी एकट्याने गुंडाळली. आकडे वाढून राह्यले ना, म्हून, म्हणाले. एवढ्या मायेने केलेल्या कामावर चिडू नये, पण मी चिडलेच. झाकण फुगलंय. कान लावला तर आत बारीक कुरकुर. भ्यायले, खोटं कशाला लिहू. पण हटणार नाही.

९ मे, सकाळ
५४. रुई काढली तरी पारा चढतोच. मालक म्हणतात नोकरीवरून काढीन. काढा. घरोघरी जाऊन दारं बडवली. झाडलोट करणारी पंचफुलाबाई सगळ्यांना घेऊन फाट्यावर गेली. जाताना विचारलं, तुमी काऊन थांबता वो मॅडम?

११.२०
६१. खिडकीतून पाण्याचा पाईप मारतेय. अग्निशामक बंब निघालाय म्हणे. अकराही घरं रिकामी. आता काय करायचं ते कर, मेल्या ड्रमा—

११.२६
६८. ड्रमचा पत्रा वाजतोय. वास. डोकं—
काका मागच्या दाराने आत. खांद्यावर रुईचा गठ्ठा. मी ओरडले, काका, बाहेर व्हा! म्हणतात, पोरीले एकटी सोडून कसा जाऊ—
७५. पाईप टाकला. त्यांना ओढून आण—