नाशिकच्या पिना आणि माझं लेझर

४ ऑगस्ट १९९७
नाशिकच्या कंपनीचा फोन. दिवाळीपासून प्रत्येक पोलादी पिनेवर नंबर हवा, न पुसला जाणारा. नंबर नाही तर माल परत. आपल्या शेडला नाशिकशिवाय दुसरं काम नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शालूला माहीत आहे, पण बायकोला सगळंच माहीत असतं.
आमच्या कामगाराने, देवूने, भट्टीतून कडक होऊन आलेल्या पिनेवर हातोडीने नंबर ठोकून पाहिला. पिनेला ढिम्म काही झालं नाही. नंबर ठोकायच्या पंचावरचा आकडाच सपाट झाला.
निर्णय: लेझर! बोईसरमध्ये पहिला मी.

५ ऑगस्ट
रोज सकाळी तासभर लेझरचा अभ्यास करायचा. उद्यापासून.

१२ ऑगस्ट
कॅटलॉग आले. चित्रं उत्तम. मजकूर फार बारीक, चष्मा बदलल्यावर वाचेन. शेजारच्या शेडचे नागोराव डोकावले. तेही पिनाच करतात, नाशिकवर त्यांचा डोळा आहे. कॅटलॉग शर्टात सरकवले. ते म्हणाले, आम्ही पिना मऊ असतानाच नंबर ठोकतो आणि मग भट्टीत घालतो. मी हसून चहा पाजला. देश मागे राहतो तो असा.

२३ ऑगस्ट
मुंबईला डेमो. सेल्समन टायवाला. मार्किंग कशावर करायचंय, असं सारखं विचारत होता. मी दाद दिली नाही. असली माणसं चार ठिकाणी फिरतात, उद्या नागोरावांना सांगितलं तर? शेवटी म्हटलं, सगळ्यावर. त्याने दोन मशिनं दाखवली. एक अवाढव्य, पाण्याने थंड होणारं, महाग. दुसरं आटोपशीर, क्रीम कलरचं, स्वस्त. तो फरक समजावत होता, पण मला गाडी गाठायची होती. लेझर ते लेझर.
खिशात पिन होती. पण पहिलं अक्षर लोखंडावर? मन धजेना. एडवणहून सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, दिलेला सोललेला नारळ पिशवीत होता. त्यावर 'श्री' काढायला लावलं. काय ते वळण! डोळे भरून आले. सही केली.

२४ ऑगस्ट
शालूने विचारलं, पिनेवर करून पाहिलंत का? मी नारळ दाखवला. ती म्हणाली, नाशिकला आता नारळ पाठवणार का? करवंटी काय कमी टणक असते, हे तिला कोण समजावणार?

१९ सप्टेंबर
मशीन आलं! देवू लगेच पिन घेऊन धावला. ओरडलोच. पितृपंधरवड्यात नवं मशीन सुरू करतात का? आता दसऱ्यालाच. तोवर जिवाला चैन नाही. येता-जाता चादर उचलून बघतो. नाशिकला कळवलं, नंबर पडलेच समजा.

११ ऑक्टोबर, दसरा, सकाळी
पूजा झाली. नागोरावांना मुद्दाम बोलावलंय. बघू देत.

तोच दिवस, दुपारी
देवूने पिन ठेवली, बटण दाबलं. पिन जराशी कोमट झाली. बाकी काही नाही. पॉवर वाढवायला सांगितली. देवू म्हणाला, शेट, कायच उमटत नाय. मी वाकून पाहिलं तर पिनेत माझंच तोंड दिसलं. नागोरावांनी पेढा खाल्ला, घरी न्यायला आणखी एक मागून घेतला आणि गेले. त्यांचं ते दुसरा पेढा मागणं मला आवडलेलं नाही.

१३ ऑक्टोबर
सेल्समन फोनवर म्हणतो, हे मशीन लाकूड आणि प्लॅस्टिकसाठी. पोलादासाठी ते दुसरं. परत घेणार नाहीत. मी त्याला झापलं, आधी विचारायला काय झालं होतं? त्याने फोन ठेवला. लाज वाटली असावी.

२७ ऑक्टोबर
नाशिकने काम नागोरावांना दिलं. नाशिकवाल्यांना दूरदृष्टी नाही.
देवूने विचारलं, शेट, दिवाळीनंतर येऊ ना? म्हटलं, येच. पण त्याच्याकडे बघवलं नाही. भीती वाटते. शालूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आधी दोन घास खाऊन घ्या. खाल्ले.

१० एप्रिल १९९८
मशीनला पहिलं बाहेरचं काम मिळालं! नागोरावांना शेडसाठी सागवानी पाटी हवी होती: 'नाशिकच्या कंपनीचे मान्यताप्राप्त पिन पुरवठादार'. अक्षर अप्रतिम आलं. बसवायलाही मी जातीने गेलो. पाटी मी धरली, खिळे देवूने ठोकले. तो डिसेंबरपासून नागोरावांकडेच कामाला आहे. मला म्हणाला, शेट, जरा सरळ धरा.