चहाच्या कागदातली जाळी

३ जून
खत तयार झाले! काळे, भुसभुशीत. आई अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करते. तिथल्या वापरलेल्या टी-बॅगा मी केळीच्या सालींसकट खड्ड्यात टाकत आले. आमच्या रवांडात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, किगालीच्या विमानतळावरच त्या काढून घेतात; तेव्हा या देशात जो कागद दिसतो, तो कागदच.

वस्तीप्रमुख कारेमेरा काका येऊन गेले. “उमुहोझा, महिनाअखेरच्या श्रमदानानंतर सभेत तू बोलायचंस. चाळीस घरं तुझ्यासारखे खताचे खड्डे खणणार आहेत. एवढी पुस्तकं गिळलीस, आता थोडं बाहेर काढ.” मी नुसती मान हलवली. भाषण मात्र मनात तयार आहे, आणि ते उत्तम आहे.

९ जून
शेजारच्या मुकांदोरी काकूंनी वाफ्यासाठी दोन टोपल्या नेल्या. “तू बोलत नाहीस गं, पण तुझा उकिरडा बोलतो.”

१७ जून
उरलेले खत चाळले. चाळणीवर पांढऱ्या, झिरझिरीत जाळ्या राहिल्या — हुबेहूब टी-बॅगेच्या आकाराच्या. चहा कुजला, कागद कुजला, ही तशीच. ओढली तर ताणली गेली. काडी लावली. राख झाली नाही. वितळून तिचा कडक काळा मणी झाला.

कागदात प्लास्टिक विणलेले होते. आणि ते मी माझ्या हातांनी पेरले.

१८ जून
काकूंना सांगितले. त्या वाफा उकरू लागल्या. “म्हणजे बंदी वरच्या पिशवीला, आतल्या पिशवीला नाही?”

आई चिडली. “चाळून टाक नि गप्प बस. आमच्या मालकांनी दारावर ‘प्लास्टिकमुक्त’ अशी पाटी लावलीय. सभेत बोललीस तर मला घरी बसवतील. तुझी फी कोण भरणार, पुस्तकं?”

२४ जून
मार्ग सापडला. जाळी दाखवायची, काडी लावून दाखवायची. अतिथिगृहाचे नाव घ्यायचे नाही. आईला पटले. भाषण नव्याने लिहिले — आधीच्यापेक्षा सरस. आवाजही कापणार नाही, याची खात्री आहे.

२८ जून
आवाज कापला नाही. मणी हातोहात फिरला. कारेमेरा काकांनी विचारले, “या टी-बॅगा कुठल्या?” मी जाळीची घडी घालू लागले. मागून आई उभी राहिली. “मी आणल्या. मी काम करते तिथून.”

श्रमदान कुणालाच चुकत नाही. तिचे मालक पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर कुदळ घेऊन.