दादाला कबूल केलेली किडनी

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. तू कसा आहेस हे विचारत नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला तसं विचारणं बरं दिसत नाही. वहिनींना मात्र विचारलंय म्हणून सांग.

लिहायचा विषय म्हणजे तुला कबूल केलेली माझी किडनी. रक्तगट जुळला त्या दिवसापासून घरात माझा काय थाट होता म्हणून सांगू! पाण्याची बादली उचलायला मनाई, पिशवी धरायला मनाई, दुपारी आडवा झालो की रेडिओ बंद. (तीन महिन्यांत बायकोने मला एकदाही आळशी म्हटलं नाही. लग्नानंतर प्रथमच.) मीही शेजाऱ्यांसमोर ‘त्यात काय एवढं, भाऊ आहे’ असं म्हणत दोन-तीनदा डोळे पुसून घेतले. आणि परवा पोटाची सोनोग्राफी झाली.

मशीनवरच्या बाई म्हणाल्या उजवीकडे वळा, मग डावीकडे, मग श्वास रोखा. रोखला. अंथरुणात चष्मा शोधावा तशा त्या शोधत राहिल्या आणि अखेर मोठ्या डॉक्टरांना घेऊन आल्या. मग दोघं मिळून शोधू लागले. (माझा श्वास रोखलेलाच. सोडा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.) रिपोर्टात आलं : लेफ्ट रीनल एजेनेसिस.

छापखान्यात प्रुफं तपासण्यात जन्म गेला माझा. न कळलेला शब्द मी पुढे जाऊ देत नाही. डॉक्टरांना गाठलं. रीनल म्हणजे किडनीचं आणि एजेनेसिस म्हणजे मुळात तयारच न होणं. थोडक्यात, डावी किडनी मला जन्मापासूनच नाही. मी म्हटलं, लहानपणी माझं अपेंडिक्स काढलं होतं, तेव्हा चुकून कुणी तीही... ते म्हणाले, काढलेल्या किडनीला आम्ही नेफ्रेक्टॉमी लिहितो. हा शब्द आईच्या पोटातच ती झाली नसेल तरच. एकीवर माणूस मजेत जगतो, फक्त ती दुसऱ्याला देता येत नाही.

आईला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, सातव्या महिन्यातच यायची घाई केलीस, सामान पुरतं घेतलं नाहीस. बायकोने त्याच संध्याकाळी बादली हातात दिली. हसू नकोस. मला फार वाईट वाटलं रे दादा. दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो, आणि या वेळी बघायला शेजारी नव्हते.

तुझा,
धाकटा

ता. क. : घाबरू नकोस. ताईने आम्हाला पत्ता लागू न देता स्वतःच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सगळं जुळतंय, तिच्या दोन्ही जागेवर आहेत, डॉक्टरांचा होकार आहे. हो, तीच ताई, जिच्याशी तुझं नऊ वर्षं बोलणं नाही. तुझ्या निरोप समारंभासाठी तिने दुकानातली गिऱ्हाइकं बाजूला ठेवून कोट शिवला आणि तू भर माईकवर म्हणालास, एक बाही आखूड आहे.

ता. क. २ : तिची अट एवढीच, की तू फोन करून दोन्ही बाह्या सारख्या होत्या असं म्हणावंस. दादा, त्या सारख्या नव्हत्या. मी स्वतः टेप लावून मोजल्या होत्या. तरी म्हण. आजच म्हण.