अपसव्य पंखे

मार्गशीर्ष शुद्ध दशमी, सायंकाळ. गिरगाव.

सूनबाईने सुटे भाग जोडून घडवलेले ड्रोन आज चाळीच्या गच्चीवर उठताक्षणीच उलटले. उद्या ते उडवून दाखवले, तरच नोकरी. "माझंच काहीतरी चुकलं, बाबा," म्हणत ती सारे उकलत बसली.

चुकले माझे. चारांपैकी दोन पंखे प्रदक्षिणेच्या उलट, अपसव्य फिरत. अपसव्य श्राद्धाला, शुभारंभाला कसे चालेल? सकाळी ती स्नानाला गेली असता मी त्यांच्या तारांची अदलाबदल केली; ते सुलटे फिरू लागले, पण ड्रोन उचलण्याऐवजी खाली दाबू लागले.

रोज सत्यावर निरूपण करणारा मी, आणि दोन घटका गप्प?

शेवटी सांगितले. तिने हातातला पेचकस माझ्यापुढे धरला.

"मग या इकडे. आता तुमच्याच हातांनी ते उलटे फिरवा."

लेखणी ठेवतो. कोणत्या तारा बदलल्या, ते नेमके आठवते.