कोणाचाच नसलेला स्क्रू

तीर्थरूप मामांच्या पायाशी भाच्याचा नमस्कार पोचावा. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? मी ठीक आहे, म्हणजे जेवायला बसतो आणि तसाच उठतो.

भाच्याने विमान थांबवलं आणि पुढच्या महिन्यात त्याचा सत्कार आहे, असं तुम्ही सगळ्या नातेवाइकांना सांगितलंत. ते खरं आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते. माझं काम उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावायचं आणि निघताना काढायचं. (सोपं वाटतं. पण काढायचा विसरला तर विमान जात नाही, आणि लावायचा विसरला तर जातं.) पूर्वी आमच्याकडे प्रत्येक खात्याची चूल वेगळी होती. इंधनवाले सामानवाल्यांशी बोलत नसत, सामानवाले सफाईवाल्यांशी, आणि विमानांना वाट देणारे मनोऱ्यातले तर कोणाशीच नाही. विमानं उभी राहतात त्या मैदानात काही पडलं तर ज्याचं त्याने उचलायचं, म्हणजे कोणीच नाही. आता नवे साहेब आलेत. (त्यांना आम्ही 'आपण सगळे' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच निघतं.) त्यांचा नियम असा, की रोज सकाळी सगळ्या खात्यांनी एका रांगेत, माना खाली घालून मैदान चालायचं आणि दिसेल ते उचलायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, एवढ्या माणसांत मिळून एकच चष्मा हरवलाय. शिवाय धोका दिसला तर कोणीही, अगदी मीसुद्धा, डोक्यावर हातांची फुली करून विमान थांबवू शकतो. आणि आपली चूक आपणहून सांगितली तर शिक्षा नाही. यावर आमचे मुकादम म्हणतात, "सांग की लेका. शिक्षा नाहीच होणार. फक्त उद्यापासून येऊ नको म्हणतील." आणि मामा, मी अजून कायम झालेलो नाही.

त्या दिवशी ठोकळे काढून मागे सरलो, तर इंजिनाच्या तोंडाखाली एक स्क्रू. इंजिन जमिनीवरचं काहीही ओढून घेतं, आणि घेतलं की (पुढचं लिहवत नाही). माझे हात वर गेले. ते धैर्य नव्हतं. घाबरलो की हात डोक्यावर जातात, ही माझी लहानपणची खोड तुम्हाला ठाऊक आहे. विमान थांबलं.

मग सगळी खाती एका टेबलाभोवती बसली, मधोमध बशीत स्क्रू. इंधनवाल्या बाई म्हणाल्या, "आमच्या गाडीला असले किडूकमिडूक स्क्रू नसतात." सामानवाला म्हणाला, "मग काय आमच्या घरून आला?" गाड्या, शिड्या, सामानाचे सरकते पट्टे, सगळं उघडून पाहिलं. कोणाचाच नाही. विमानाचे मेकॅनिक म्हणाले, आमचं सगळं जागच्या जागी आहे. (हे त्यांनी जरा लवकरच सांगितलं असं मला वाटलं.) पण खाती प्रथमच एकत्र बसली म्हणून 'आपण सगळे' खूश, आणि माझा सत्कार ठरला.

त्या संध्याकाळी घरी मामींनी दिलेला डबा उघडला, तर झाकणाची मूठ हातात आली. तिचा स्क्रू नव्हता.

मैदानात डबा न्यायला सक्त मनाई आहे. मी जॅकेटच्या आत नेतो, कारण कपाटात ठेवला की मुकादम आधी चव बघतात. म्हणजे ज्या स्क्रूसाठी माझ्या गळ्यात हार पडणार, तो माझाच! सांगितलं तर नोकरी जाते, नाही सांगितलं तर झोप. काय करू ते कळवा.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी राहवलं नाही. साहेबांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "आपण सगळे आधी लावून तर बघू." सगळ्यांदेखत बशीतला स्क्रू मामींच्या झाकणाला लावला. बसेना. बसावा म्हणून मी देवाचा धावा केला; गुन्हेगार ठरण्यासाठी एवढी प्रार्थना कोणी केली नसेल. डब्याबद्दल ताकीद मिळाली, नोकरी वाचली. मग मेकॅनिकांनी तो स्क्रू उजेडात धरून निरखला, एकमेकांकडे पाहिलं आणि तडक विमानाकडे गेले.

आणखी ता. क. मामींना विचारा, डबा दिला तेव्हा झाकणाला स्क्रू होता का? नव्हता म्हणाल्या तर माझ्या जिवात जीव येईल. होता म्हणाल्या, तर तो अजून मैदानातच कुठेतरी आहे.

शेवटचा ता. क. सत्काराला तुम्ही दोघं विमानाने येणार म्हणालात. हे तेच विमान. मामा, लोकांना गुडघ्याचं निमित्त सांगा, पण बसने या.